तळाशी ऊन नाही, मग खातात काय?

आज नववीच्या वर्गात अन्नसाखळी शिकवत होते. नेहमीचं वाक्य म्हटलं, ‘सगळ्या ऊर्जेचा उगम सूर्य.’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, समुद्राच्या तळाशी ऊनच पोचत नाही. तिथले काय खातात?’

पुस्तक मिटलं आणि थेट 1977 सालात गेले. प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांजवळ ‘अल्विन’ ही तीन माणसांची पाणबुडी सुमारे अडीच हजार मीटर खाली उतरली. शोधायचे होते गरम पाण्याचे झरे. ते सापडलेच, पण भोवती शिंपल्यांचे ढीग, खेकडे आणि माणसाएवढे लांब होऊ शकणारे, लाल तुऱ्याचे नळीकृमी! त्यांना ना तोंड, ना आतडं. पोटातले जिवाणू झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडवर अन्न बनवतात आणि यांना पोसतात. पथकात भूशास्त्रज्ञच होते, जीवशास्त्रज्ञ एकही नाही. प्राणी टिकवायला फॉर्मेलिन पुरेना, मग काही नमुने व्होडकात बुडवले. (हे वर्गात सांगितलं नाही, इथेच सांगतेय.)

मग आपल्या ‘मत्स्य 6000’ या पाणबुडीवर आले. चेन्नईत तयार होतेय, सहा हजार मीटरसाठी. फळ्यावर तिच्यातला माणसं बसायचा 2.1 मीटर व्यासाचा गोल काढून दाखवला आणि म्हटलं, यात तिघं, बारा तास. कुणीतरी विचारलंच, ‘आणि शू आली तर?’

‘अल्विनमध्ये बाटली नेतात,’ म्हटलं. वर्ग पाच मिनिटं हसत होता. अन्नसाखळीचा धडा राहिलाच. शनिवारी जादा तास घ्यावा लागणार.