पाठीवरचं ओझं
फोन, टॅब, लॅपटॉप आणि तिघांचे चार्जर घेऊन पुणे-मुंबई करायचा कंटाळा आला. सगळं एकाच यंत्रात, ही कल्पना जुनीच. मोटोरोलाचा अॅट्रिक्स फोन २०११ मध्येच लॅपटॉपसारख्या डॉकला (स्क्रीन-कीबोर्डच्या जोडणीला) जोडता यायचा. तो चालला नाही. सॅमसंगचं डेक्स, म्हणजे फोन मोठ्या स्क्रीनला जोडून कॉम्प्युटरसारखा वापरायची सोय, आलं २०१७ मध्ये. माझा सेकंडहँड गॅलॅक्सी मी केबलने लॉजच्या टीव्हीला जोडतो, घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड काढतो, फोनचीच स्क्रीन टचपॅड होते. मेल, पीडीएफ, मराठी टायपिंग झकास! एक्सेलपाशी मात्र गाडी अडते, मोबाईल अॅपमध्ये मॅक्रो (तीच ती कामं आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या) चालतच नाहीत. त्यामुळे मार्चएंडला लॅपटॉप न्यावाच लागतो. टॅब भाचीला देऊन टाकलाय. बायको विचारते, "टीव्हीला जोडलेला असताना फोन आला तर?" अगं, इअरफोनवर घेतो की!