दुर्बिणीची ३५ मिनिटं

गळीत हंगाम सुरू झाला की रात्रपाळीला फुटलेली पोटं, म्हणजे अल्सरनं जठराला भोक पडलेली माणसं, येऊ लागतात. त्या रात्रीचा ऊसतोड कामगार बेचाळिशीचा. नवराबायको मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल. कमरेसाठी महिनाभर उपाशीपोटी डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी, वर तंबाखू. आदल्या संध्याकाळी गाडी भरताना पोटात सुरी खुपसल्यासारखं झालं, तरी तो फडातच राहिला. खाडा पडला असता. माझ्यापर्यंत पोचेतो ३० तास उलटले होते. पोट फळीसारखं कडक, उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत छाती-पोटामधल्या पडद्याखाली, उजवीकडे, भोकातून सुटलेल्या हवेची चंद्रकोर. वाटेत एका डॉक्टरांनी त्याला गॅसचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं होतं. पोटावर नुसता हात ठेवला असता तरी कळलं असतं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सलाईन लावून दोन तासांत प्रेशर ८० वरून ११० वर आलं, लघवी सुरू झाली. आता दुर्बीण की चीर? अशा रुग्णाचा धोका मोजणाऱ्या बोई यांच्या गुणांकनात तीनच गोष्टी धरतात: शॉक, २४ तासांहून जास्त उशीर, जोडीला मोठा आजार. इथे उशीर झालेलाच होता आणि शॉक नुकता सावरलेला. त्या हिशेबानं सरळ पोट उघडायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर उसाची मोळी होती. छातीखालपासून बेंबीपर्यंत चिरलेल्या पोटानं ती डोक्यावर घ्यायची, म्हणजे पुढे हर्निया ठरलेलाच. दुर्बिणीत दुखणं कमी, जखम चिघळायची भीती कमी. मी दुर्बीण घेतली.

आत पित्ताचं हिरवट पाणी, यकृतावर पांढरे पापुद्रे. यकृत उचललं तेव्हा भोक दिसलं: जठर आतड्याला मिळतं त्याच्या जरा अलीकडे, दीडेक सेंटिमीटरचं, कडा सुजून ठिसूळ झालेल्या. पाच मिलिमीटरचं भोक असतं तर दुर्बिणीतून ते शिवायला मला मनापासून आवडतं. इथे टाका आवळला की कड कापून सुटत होती. उघड्या पोटात गाठ मारताना ताण बोटाला कळतो, लांब अवजाराच्या टोकाशी तो हरवतो. दुसरा टाकाही कापला गेला. कॅमेरा धरणारा निवासी डॉक्टर पहिल्या वर्षाचा, आणि दुर्बिणीचा सेट हाताखालचा असलेली सिस्टर दिवसपाळीची. दुर्बीण विकत घेताना रात्रीच्या माणसांचा विचार कोणी करत नाही.

पस्तिसाव्या मिनिटाला भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "सर, प्रेशर पडतंय. गॅस काढा." पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबानं हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि याच्याकडे तर राखीव बळ नव्हतंच. गॅस काढला, चीर दिली. जठराच्या अल्सरमागे कॅन्सर असू शकतो, म्हणून कडेचा तुकडा तपासणीला घेतला. मग कडेपासून लांब, निरोगी भागातून तीन टाके आणि त्यांच्याखाली ओमेंटमची, म्हणजे आतड्यांवरच्या चरबीच्या पदराची, जिवंत पट्टी. गाठी पट्टी धरून राहील इतक्याच घट्ट, तिचं रक्त अडेल इतक्या नाही. टोरांटोचे सर्जन ग्रॅहम यांच्या नावानं ओळखली जाणारी ही रीत माझ्या हातांना आजही सर्वांत भरवशाची वाटते. आठ लिटर कोमट सलाईननं पोट धुऊन बंद केलं.

माणूस वाचला. सहाव्या दिवशी जखमेतून पू आला.

बैठकीत एका सहकाऱ्यानं विचारलं, "दुर्बीण फसली का?" पोट उघडलं म्हणजे सर्जन हरला, हा समज आमच्यातच घट्ट आहे, आणि त्यापायी लोक गॅस काढायला उशीर करतात. उघडल्याचं मला काहीच वाटत नाही. सलते ती सुरुवात. मोळीचा विचार खरा होता. पण ३० तासांच्या पोटावर ती ३५ मिनिटं मी खर्ची घातली नसती, तर पू टळला असता का?

तपासणीत कॅन्सर नव्हता, अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर जंतू निघाला. १४ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, डायक्लोफिनॅक कायमचं बंद केलं.

ड्रेसिंगला बायको सोबत आली. "सायब, ह्ये मोळी कवा उचलतील?"

"तीन महिने तरी नाही, ताई."

तिनं बोटांवर मोजलं. "तवर हंगाम सरंल."