लीजवरची बीट आणि यूट्यूबवरचा दावा : माझा अनुभव

ह्यूस्टनमध्ये माझा एक मित्र रॅप करतो. कोणत्याही लेबलच्या, म्हणजे संगीत कंपनीच्या, दारी न जाता स्वतःच्याच नावाने गाणी काढायची, असा त्याचा निश्चय आहे, आणि नव्वदच्या दशकात डीजे स्क्रूने आपल्या संथ केलेल्या मिक्सच्या कॅसेटी ज्या शहरात स्वतः विकल्या, तिथे हा निश्चय जगावेगळा नाही. मित्र लिहितो आणि गातो. त्याचे कागदपत्रांचे काम मी पाहतो. गाणे स्पॉटिफायवर चढवणे, बीएमआयकडे (गाणे वाजवल्याबद्दलची रॉयल्टी गीतकार-संगीतकारांसाठी गोळा करणाऱ्या अमेरिकी संस्थेकडे) नोंदवणे, कॉपीराइट कार्यालयाचा अर्ज भरणे, हे सारे सुरळीत पार पडले. अडले ते यूट्यूबवर, आणि तो मनस्ताप अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

गाण्याची बीट, म्हणजे ज्यावर रॅप गातात ते तयार संगीत, रीतसर पैसे भरून लीजवर, म्हणजे वापराच्या परवान्यावर, घेतलेली होती. अशा लीजमध्ये बीट करणारा तीच बीट इतरांनाही देऊ शकतो. म्हणूनच ती नवोदिताला परवडते. व्हिडिओ लोकांपुढे येताच कंटेंट आयडीचा, म्हणजे नोंदवलेल्या नमुन्यांशी आवाज जुळवून पाहणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, दावा येऊन धडकला : यातील संगीत दुसऱ्याचे आहे, सबब जाहिरातींचे उत्पन्न त्याला मिळेल. दाव्यात नेमका कोणता भाग जुळला, त्याची वेळ दिलेली असते. ती पाहिली, तर तो सुरुवातीच्या चौदा सेकंदांचा तुकडा होता, ज्यात मित्राचा आवाजच नाही, केवळ बीट वाजते. तीच बीट घेतलेल्या दुसऱ्या एका गायकाचे गाणे त्याच्या वितरण कंपनीने (गाणी स्पॉटिफायसारख्या सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीने) कंटेंट आयडीत नमुना म्हणून नोंदवले होते. यंत्रणा आवाज ओळखते, करार वाचत नाही.

आम्ही हरकत घेतली. तिच्यावर उत्तर द्यायला दावेदाराला ३० दिवसांची मुदत असते, आणि सर्वांत संतापजनक बाब म्हणजे हरकतीवर पहिला निर्णयही तोच दावेदार देतो. त्या कंपनीने मुदत संपत आली असताना एका ओळीत हरकत फेटाळली. लीजचा करार जोडलेला असूनही त्याचा उल्लेख नव्हता. पुढची पायरी अपिलाची. तिथे उत्तराची मुदत ७ दिवसांची आहे, पण अपीलही फेटाळून दावेदाराने व्हिडिओ काढून टाकण्याची मागणी केली, तर चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याची ताकीद, येऊ शकते, आणि ९० दिवसांत अशा तीन स्ट्राइक आल्या की चॅनेलच बंद होण्याची वेळ येते. ज्याची सारी मेहनत त्या चॅनेलवर उभी आहे, त्याने हे बटण दाबायला कचरावे, यात नवल नाही. मित्र कचरला, मी मात्र हटून बसलो.

अखेर मार्ग निघाला तो बीट करणाऱ्याकडून. ही बीट अनेकांना दिलेली आहे आणि लीजच्या अटींनुसार ती वापरून केलेले कोणतेही गाणे कंटेंट आयडीत नोंदवण्यास मनाई आहे, असे त्याने कंपनीला लेखी कळवले. ते पत्र जोडून आम्ही अपील केले आणि दावा मागे घेतला गेला. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो गाणे प्रसिद्ध झाले त्या दिवशीही झाला नव्हता.

म्हणून सांगतो : बीट घेतानाच असे पत्र मागून ठेवा आणि आपल्या वितरकाच्या अर्जात लीजच्या गाण्यासाठी कंटेंट आयडीचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर हाच त्रास आपल्याकडून दुसऱ्याला होईल. दावा आल्यापासून ५ दिवसांच्या आत हरकत घेतली, तर पहिल्या दिवसापासूनचे उत्पन्न निकाल लागेपर्यंत राखून ठेवले जाते. आमचे पैसे त्यामुळेच वाचले. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. केवळ बीएमआयवर विसंबू नका. अमेरिकेतील स्ट्रीमिंगची मेकॅनिकल रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या प्रतीबद्दल गीतकार-संगीतकाराला मिळणारी रक्कम, २०२१ पासून नॅशव्हिलची एमएलसी ही संस्था वाटते, तर पँडोरासारख्या डिजिटल रेडिओची रक्कम साउंडएक्स्चेंज या संस्थेकडे जमा होते. तिथे ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे आणि ४५ टक्के मुख्य गायकाचे असतात. स्वतंत्र रॅपर बहुधा दोन्ही असतो, तेव्हा नोंदणी दोन्ही नात्यांनी करावी.