आउटबॅकमधलं हॉस्टेल: बेडपेक्षा स्वयंपाकघर बघा

ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या ओसाड भागात, जायला आपली मे महिन्याची सुट्टी अगदी सोयीची. तिथल्या ॲलिस स्प्रिंग्ज या गावी तेव्हा दुपारी 23 अंशांच्या आसपास असतं. जून-जुलैत रात्री पारा शून्याखालीही जातो, तेव्हा निफाडच्या थंडीत घालता ते स्वेटर बॅगेत असू द्या. डिसेंबर-जानेवारीत चाळिशी ओलांडते, नकोच.

उलुरू हा प्रसिद्ध खडक बघायचा म्हणून लोक ॲलिसच्या हॉस्टेलात, म्हणजे प्रवाशांच्या स्वस्त, सामायिक मुक्कामाच्या जागी, बेड घेतात आणि फसतात. तो खडक तिथून साधारण 450 किलोमीटर, म्हणजे नाशिकहून पुण्याला जाऊन परत यावं एवढा लांब. खडकाजवळ राहायचं तर युलारा हे गाव, आणि ते स्वस्त नाही.

छोट्या हॉस्टेलचं रिसेप्शन संध्याकाळीच बंद होतं. उशिरा पोचणार असाल तर चावीच्या पेटीचा कोड आधीच मागवून ठेवा. लॉकरला कुलूप आपलंच लागतं, बारीक कडीचं. गाडी भाड्याची असेल तर अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा: कांगारू रस्त्यावर येतात, आणि गावाबाहेर रात्री झालेला अपघात बऱ्याच कंपन्यांच्या विम्यात बसत नाही.

खरी गंमत स्वयंपाकघरात. तिथे कुकर मिळेलच असं नाही, म्हणून तूरडाळीचा हट्ट सोडा. सालं काढलेली मसूर पातेल्यात वीस मिनिटांत शिजते. ती ॲलिसच्या सुपरमार्केटात मिळते, डब्यातले शिजवलेले छोलेही. इथून फक्त कंपनीचे सीलबंद मसाले न्या आणि विमानात मिळणाऱ्या कार्डावर ते खाद्यपदार्थ म्हणून लिहा. लिहून जप्त झालं तर मसाला जातो. लपवून सापडलं तर मोठा दंड बसतो. घरचं काळं तिखट घरीच बरं.

शेगडी बहुधा विजेची. बंद केली तरी कॉइल तापलेलीच राहते, म्हणून मोहरी तडतडली की भांडं लगेच उचला, नाहीतर जिरं करपून धूर होतो. काही इमारतींतला स्मोक अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो, आणि विनाकारण बंब आला तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. एक्झॉस्ट आधी लावा. फ्रिजमधल्या डब्यावर नाव आणि जायची तारीख टाका. नाव नसलेलं सरळ फेकतात. ‘फ्री’ लिहिलेल्या फळीवर मात्र पुढे गेलेल्यांचे तांदूळ, तेल, मीठ असतं. खरेदीआधी तिथे डोकवा.

जेवण झाल्यावर नोटीस बोर्ड वाचा. उलुरूला निघालेले लोक पेट्रोल वाटून घ्यायला सोबती शोधत असतात. हो म्हणण्याआधी विमा, चालक किती जण आणि पाणी किती घेतलंय, एवढं विचारा.