कोंडाईबारीच्या पलीकडची मंडळी

आमच्या अहिल्यानगरकडच्या ख्रिस्ती घरांत मिशनचं काम म्हणजे पिढ्यांची ओळख. अमेरिकन मराठी मिशन आमच्याकडे १८३१ साली आलं. रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणतच आम्ही मोठे झालो. यंदा नाताळाच्या आधी आमच्या चर्चचा तरुणसंघ नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर आरोग्य तपासणीच्या सेवेसाठी निघाला, तेव्हा मीही नाव दिलं. पाड्याचं नाव इथे लिहीत नाही. तिथल्या लेकरांच्या आजाराबद्दल सांगणार आहे, ते त्यांच्या घरातलं आहे.

मनमाड, धुळे, साक्री हा रस्ता नेहमीचाच. धुळ्यात शेवभाजी खाल्ली, दहिवेल मागे पडलं आणि कोंडाईबारीचा घाट लागला. खानदेश म्हटलं की केळी, कापूस आणि अहिराणी डोळ्यांपुढे येते. घाट उतरल्यावर मात्र सागाचं रान, कुडाच्या भिंतींची कौलारू घरं आणि कानावर मावची बोली. नकाशात हाही खानदेशच. १ जुलै १९९८ला धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार.

या भागात सुवार्ता पोहोचली ती स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या लोकांकडून. चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना १९४२चा, आजही सुरू आहे. पण पाड्यावरची मंडळी बघितली की ते परदेशी मिशनरी फार लांबचे वाटतात. इथले पाळक याच मातीतले, कोरडवाहू शेती करून मंडळी सांभाळणारे. त्यांच्या सख्ख्या चुलत्यांच्या घरी आदिवासींच्या याहामोगी देवीची पूजा होते. दोन्ही घरांचं पाणी एकाच हातपंपाचं आणि लग्नात दोन्ही घरं सोबत नाचतात. बाहेरून येणाऱ्याने हे आधी नीट पाहावं, मग तोंड उघडावं, असं मला मनापासून वाटतं.

पाळकांनी पहिल्याच संध्याकाळी आम्हाला बसवून सांगितलं, "तपासणी शाळेच्या ओट्यावर करा, चर्चमध्ये नको. सगळे आले पाहिजेत. आणि तिथे पत्रकं वाटू नका." आमच्यातल्या एकाला ते रुचलं नाही. मला ते शंभर टक्के पटलं. आजारी लेकराला घेऊन आलेली आई नाही म्हणायच्या स्थितीत नसते. अशा वेळी तिच्या हातात औषधासोबत आपला संदेश ठेवणं हा तिच्या गरजेचा फायदा घेणं झालं. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, त्यातला एकच परत आला. उरलेल्या नवांचं आरोग्य त्याने काढून घेतलं नाही.

तपासणी होती सिकलसेलची. भिल, पावरा, मावची समाजांत हा आजार बराच आढळतो. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग सांध्यांत, पाठीत असह्य कळा येतात. तान्ह्या बाळांच्या हातापायांची बोटं सुजतात. लॅबवाल्या दादांनी पहिली चाचणी माझ्यासमोर केली. बोटातून रक्ताचा थेंब, छोट्या नळीतल्या द्रावणात टाकला, थोडा वेळ थांबले, मग नळी रेघा मारलेल्या कागदापुढे धरली. रेघा आरपार दिसल्या की ठीक. द्रावण गढूळ झालं, रेघा दिसेनाशा झाल्या, की त्या रक्तात सिकलसेल आहे. पण ते मूल नुसतं वाहक आहे, म्हणजे एकाकडूनच सदोष जनुक आलेलं, की रुग्ण, हे या नळीवरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पुढची चाचणी करावी लागते.

एका चौथीतल्या मुलीची नळी गढूळ झाली. डोळे पिवळसर, हात काटकीसारखे. थंडीत गुडघे धरून रडते, असं आजीने सांगितलं आणि मग हळूच विचारलं, "ताई, कुणाचा दोष?" सोबतच्या नर्सताई जमिनीवर तिच्याशेजारी बसल्या. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर दर खेपेला मूल रुग्ण असण्याची २५ टक्के शक्यता असते, यात कुणाचं पाप नाही, कुणाची बाधा नाही, हे त्यांनी सांगितलं आणि पाड्याच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी मावचीत समजावलं. भरपूर पाणी पाजायचं, थंडीत ऊब द्यायची, ताप आला तर घरी थांबायचं नाही. रुग्ण ठरली तर डॉक्टर हायड्रॉक्सियुरिया सुरू करतील, कळा कमी होतील. आजी ऐकत होती. मुलीचे आईबाप गुजरातेत ऊसतोडीला गेलेले. त्यांची तपासणी कोण करणार?

खरी अडचण ही आहे. दिवाळीनंतर निम्मा पाडा कारखान्यांच्या फडावर असतो आणि आमच्यासारखे गट नेमके नाताळाच्या सुट्टीत येतात, कारण ती आमच्या सोयीची. सरकारने १ जुलै २०२३ला सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, २०४७पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्यांची तपासणी करायची आहे. पण कमावत्या वयाची माणसं गावात कधी असतात, हे पाळकांना आणि आशाताईंना विचारल्याशिवाय कुठलंही अभियान पुरं पडणार नाही.

रविवारची उपासना मात्र पोटभर झाली. सतरंज्यांवर एकीकडे बाया, एकीकडे बाप्ये. आधी मराठी भजन, मग ढोल निघाला आणि मावची गीतं सुरू झाली. हातात हात घालून फेर धरला. प्रार्थनेत सगळे एकाच वेळी मोठ्याने बोलत होते, पावसासाठी, फडावरच्या लेकरांसाठी, आमच्यासाठीही. आमच्या चर्चमध्ये अशी प्रार्थना मी कधी ऐकली नव्हती. नंतर ज्वारीची भाकरी, नवापूरच्या तुरीची डाळ आणि मिठात उकडलेल्या शेंगा.

निघण्याआधी पाळकांशी बसून पुढचं ठरवलं. ज्यांच्या नळ्या गढूळ झाल्या, त्यांना पुढच्या तपासणीला नेण्याचा गाडीखर्च आमची मंडळी उचलेल. नेतील मात्र आशाताई, कारण ओळख त्यांची आहे. आणि आम्ही पुन्हा येऊ ते मे महिन्यात, ऊसतोडीची माणसं परतल्यावर. उन्हाचं कारण सांगून दोघांनी आत्ताच माघार घेतली आहे. नर्स किंवा लॅबचं शिक्षण घेतलेलं कुणी येणार असेल, तर जागा आहेत.