लाइट गेली की व्हायरस येतो

कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदा. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या केळी व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा तक्रार व्हायरसची नव्हतीच. दिल्लीच्या आझादपूर मंडीतल्या आडत्याने त्यांना फोन करून विचारलं होतं, "खातं बदललं का शेठ? तुमच्याच मेलवरून नवा खाते नंबर आलाय." मेल खरोखर यांच्याच आयडीवरून गेला होता. ट्रकचा नंबर, वजन, मागची बाकी सगळं बरोबर, फक्त बँक खातं भलत्याच माणसाचं. आडत्याने पैसे टाकण्याआधी विचारलं म्हणून एका ट्रकचे पैसे वाचले. शेठनी लगेच पासवर्ड बदलला. तीन दिवसांनी दुसऱ्या आडत्याला तसाच मेल गेला.

पासवर्ड बदलूनही माणूस आत येतो, याचा बऱ्याचदा एक अर्थ असतो. ज्या मशीनवर बसून पासवर्ड बदलला, तेच मशीन त्याच्या ताब्यात आहे.

ऑफिस वजनकाट्याला लागून. हिशेब लिहिणारे नाना पन्नाशीचे, मशीन तेच वापरतात. ते म्हणाले, "भाऊ, दोनदा फॉर्मॅट मारेल आहे, तरी येतो. आन् लाइट गेली का हमखास येतो." शेजारी उभी असलेली दोन पोरं हसली. नानांच्या त्या वाक्याकडे आधीच्या कोणी लक्ष दिलं असतं, तर दोन फॉर्मॅटचे पैसे वाचले असते.

अशा वेळी आधी नेटची वायर उपटायची नाही आणि मशीन तर अजिबात बंद करायचं नाही. दोन मिनिटं कमांड विंडोत नेटस्टॅट चालवून कोणता प्रोग्रॅम बाहेर कुठे बोलतोय ते फोटोत घ्यायचं, मग वायर काढायची. इथे बोलणारा होता 'एसव्हीसीहोस्ट'. विंडोजची स्वतःची कामं चालवणाऱ्या या नावाच्या कितीतरी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, प्रत्येक विंडोजमध्ये असतातच, म्हणून चोरालाही हेच नाव आवडतं. पण खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये राहतो आणि त्याला सर्व्हिसेस नावाची प्रोसेस जन्म देते. हा होता प्रोग्रॅमडेटामधल्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये, आणि त्याला सुरू केलं होतं टास्क शेड्यूलरने, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीने. नावाला भुलायचं नाही. पत्ता आणि बाप, दोन्ही बघायचे.

बाजूला एक पॉवरशेल, म्हणजे विंडोजचं कमांड चालवायचं साधन, चालू होतं. एक मारला की दुसरा त्याला पुन्हा उठवायचा. ही जोडी एकामागून एक मारून संपत नाही. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या प्रोसेस एक्सप्लोरर या साधनात आधी दोघांना 'सस्पेंड' करायचं, म्हणजे दोघेही जागच्या जागी गोठतात, आणि मग मारायचं.

नंतर २४० जीबीच्या एसएसडीची सेक्टर-बाय-सेक्टर नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली. सव्वा तास गेला. आमच्या धंद्यात हा सव्वा तास कोणी देत नाही, कारण गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. पण साफसफाईत चूक झाली तर परत जायला जागा लागते, आणि पुढचं सगळं या नकलेवरच कळलं.

ऑटोरन्स हे मायक्रोसॉफ्टचंच फुकट साधन आहे. विंडोज चालू होताना आपोआप काय काय सुरू होतं, ते सगळं एका जागी दाखवतं. ते 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडायचं, नाहीतर अर्ध्या जागा रिकाम्या दिसतात. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायच्या, डिजिटल सहीची तपासणी चालू करायची. राहतात त्या पंधरा-वीस ओळी, त्या एक-एक करून वाचायच्या. दोन गोष्टी लगेच सापडल्या. एक रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली, 'रन' की. दुसरं शेड्यूल्ड टास्क: नाव एखाद्या अपडेटरसारखं, लॉगिनला आणि नंतर दर दहा मिनिटांनी चालणारं, लेखकाच्या रकान्यात काहीच नाही. दोन्ही काढली, फोल्डर उडवलं.

माझ्या आधी आलेल्या दुरुस्तीवाल्यानेही इथपर्यंत केलं होतं. त्याने वर महिनाभराचं ट्रायल अँटीव्हायरस टाकलं. ते दर एक-दोन दिवसांनी 'थ्रेट रिमूव्ह्ड' असा हिरवा संदेश द्यायचं आणि सगळे खूश व्हायचे. एकाच जागेवरची एकच फाइल पुन्हा पुन्हा पकडली जाते, याचा अर्थ अँटीव्हायरस चांगलं आहे असा होत नाही. फाइल बनवणारा अजून घरात आहे, असा होतो.

नानांचं वाक्य इथे कामाला आलं. अँटीव्हायरसच्या नोंदी एका बाजूला आणि विंडोजच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर दुसऱ्या बाजूला उघडला. कर्नल-पॉवरची ४१ नंबरची नोंद म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, इथे बहुधा लाइट गेली. ४१ ची नोंद ९ वाजून १२ मिनिटांनी, फाइल पकडली ९ वाजून १७ ला. दुसऱ्या दिवशी दुपारी २:४० आणि २:४५. मे महिना, सावद्यात लाइटचा लपंडाव, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. पाच तारखा जुळवल्या, पाचही वेळा अंतर चार ते साडेपाच मिनिटांच्या आत. आणि ज्या दिवशी नानांनी संध्याकाळी व्यवस्थित शटडाउन करून सकाळी चालू केलं, त्या दिवशी काहीच नाही.

हे कोडं फास्ट स्टार्टअपचं होतं. विंडोज १० मध्ये ही सोय चालू असली की 'शटडाउन' म्हटल्यावर मशीन पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. त्यामुळे सिस्टम अपटाइमचं, म्हणजे विंडोज सुरू होऊन किती वेळ झाला ते मोजणारं, घड्याळ शून्यावर येत नाही. ते शून्यावर येतं रिस्टार्टने, किंवा चालू मशीनची लाइट गेल्यावर. म्हणजे आत कोणीतरी अपटाइमकडे डोळे लावून बसलं होतं.

नकलेची डिस्क लावून दोन्ही करून पाहिलं. साफ केलेलं मशीन शटडाउन करून चालू केलं, वीस मिनिटं थांबलो, काही नाही. मग रिस्टार्ट केलं आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. प्रोग्रॅमडेटाची खिडकी उघडी ठेवली, लपलेल्या फाइली दिसतील असं सेटिंग करून. दोन मिनिटं, तीन, चार, काही नाही. चार मिनिटं पन्नास सेकंदांना फोल्डर आपोआप उगवलं. पाठोपाठ टास्क, मग रन की. आम्ही सगळे मशीन रिस्टार्ट करतो, दोन मिनिटं बघतो, 'झालं शेठ' म्हणतो आणि पैसे घेतो. बनवणाऱ्याने हे ओळखूनच चार मिनिटं ठेवली असणार.

हा बसला होता डब्ल्यूएमआयमध्ये. ही विंडोजची स्वतःची देखरेखीची व्यवस्था. 'अमुक घडलं की तमुक चालव' असा नियम तिच्यात लिहून ठेवता येतो आणि त्याचे तीन तुकडे असतात. फिल्टर सांगतो काय घडायला हवं, कन्झ्युमर सांगतो काय चालवायचं, आणि बाइंडिंग या दोघांची गाठ मारतं. इथला फिल्टर विचारत होता, अपटाइम २४० सेकंदांच्या पुढे आणि ३२५ च्या आत आहे का. हो असेल तर कन्झ्युमर पॉवरशेल चालवायचा, पॉवरशेल रजिस्ट्रीत साठवलेला लांबच लांब सांकेतिक मजकूर उलगडायचं आणि त्यातून नवी ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, बनवायचं. नियम राहतो सिस्टम३२ मधल्या डब्ल्यूबीईएम रिपॉझिटरीत, डेटाबेसच्या आत. उचलून फेकावी अशी वेगळी फाइलच नाही. आणि हे चालतं सिस्टम खात्याच्या अधिकाराने, जे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्याही वर.

ऑटोरन्समध्ये डब्ल्यूएमआयचा वेगळा टॅब आहे. तो उघडायची सवय आमच्यात फार थोड्यांना आहे. तिन्ही तुकडे काढायचे. मात्र रिपॉझिटरीत 'एससीएम इव्हेंट लॉग' नावाची जोडी दिसली तर तिला हात लावायचा नाही, ती विंडोजची स्वतःची आहे.

विंडोजचं स्वतःचं अँटीव्हायरस डिफेंडर इतके दिवस गप्प का होतं, तेही बघितलं. त्याच्या वगळणीच्या, म्हणजे तपासायचं नाही अशा जागांच्या, यादीत अख्खा सी ड्राइव्ह घातलेला होता. डिफेंडरच्या सेटिंगला हात लावू न देणारं टॅम्पर प्रोटेक्शन चालू असलं तरी घरगुती मशीनवर अ‍ॅडमिन अधिकार मिळालेला प्रोग्रॅम त्या यादीत भर घालू शकतो. म्हणजे डिफेंडर चालू, खूण हिरवी, आणि बघायला जागाच नाही. ही यादी सहसा रिकामी असते. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडून, सेटिंग्जच्या तळाशी 'एक्स्क्लूजन्स' बघायला अर्धं मिनिट लागतं.

एवढं काढूनही ते मशीन परत वापरायला दिलं नाही. ज्याने सिस्टमचे अधिकार घेतले होते, त्याने आणखी काय बदललं याची खात्री कोणी देऊ शकत नाही. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज घेतलं, इन्स्टॉल करताना डिस्कवरची सगळी पार्टिशन्स पुसायची ठरवलं. पुसण्याआधी डी ड्राइव्हवरचा डेटा काढायला बसलो, आणि दोनदा फॉर्मॅट होऊनही हा का आला ते तिथे समोर आलं.

डी ड्राइव्हवर 'सेटअप' नावाचं फोल्डर. त्यात प्रिंटरचे ड्रायव्हर, मराठी फॉन्ट आणि लायसन्सशिवाय विंडोज 'अ‍ॅक्टिव्हेट' करणारी एक झिप, म्हणजे क्रॅक. झिपला पासवर्ड, तो शेजारच्याच टेक्स्ट फाइलमध्ये. पासवर्ड असला की डाउनलोड होताना बहुतेक स्कॅनर आत बघू शकत नाहीत. झिप ६ एमबीची, उघडली की आतली ईएक्सई ७०० एमबीची. आत बहुतेक नुसती शून्यं भरलेली. शून्यं झिपमध्ये दाबली जातात आणि उघडल्यावर फाइल इतकी फुगते की बरीच स्कॅनर मोठी म्हणून सोडून देतात. टेक्स्ट फाइलमध्ये तीन ओळी: अँटीव्हायरस बंद करा, राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, मशीन रिस्टार्ट करा.

आणि ते खरंच अ‍ॅक्टिव्हेट करतं. ट्रोजन, म्हणजे कामाच्या प्रोग्रॅमच्या वेशात येणारा चोर, सांगितलेलं काम चोख करतो, म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. व्हायरस किंवा वर्मसारखा तो स्वतःहून पसरत नाही, त्याला कोणीतरी उचलून आणावं लागतं. इथे आणणारा आमच्याच धंद्यातला होता. सी ड्राइव्ह फॉर्मॅट करायचा, नवं विंडोज टाकायचा आणि शेवटी डी ड्राइव्हवरचं तेच फोल्डर उघडून तीच झिप चालवायचा. दोन्ही वेळा.

याचा मला राग आहे आणि तो एकट्या त्याच्यावर नाही. '४०० रुपयांत विंडोज' हा दर आम्ही सगळ्यांनी मिळून पाडला आहे. 'क्रॅक असल्यामुळे अँटीव्हायरस ओरडतं, तो व्हायरस नसतो' हे वाक्य जळगाव-भुसावळच्या प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. अँटीव्हायरस साध्या क्रॅकवर ओरडतं आणि ट्रोजन बसवलेल्या क्रॅकवरही ओरडतं. एकदा तो आवाज बंद करायची सवय लागली, की दोन्हींतला फरक सांगणारं कोणी उरत नाही. शेठ वर्षाला लाखोंची केळी दिल्लीला पाठवतात. विंडोजचं लायसन्स त्यांना जड नव्हतं, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

मशीन नवं झालं. डेटा घेताना फक्त पट्ट्या, बिलं आणि हिशेबाचा बॅकअप घेतला, एकही ईएक्सई नाही. नानांचं रोजचं खातं 'स्टँडर्ड युजर' केलं आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड शेठकडे ठेवला. पासवर्ड शेठच्या मोबाइलवरून बदलले, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट केलं. ब्राउझरमधली कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची साठवलेली खूण, चोरलेली असेल तर पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही न लागता मेल उघडतो, म्हणून हे लागतं.

तरी मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट निघाली. एक फिल्टर: दोन्ही आडत्यांकडून आलेला मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठव आणि इथून ट्रॅशमध्ये टाक. म्हणजे आडत्याने उलट मेल करून विचारलं असतं, तर नानांना तो दिसलाच नसता. मशीन जाळून टाकलं तरी हा फिल्टर जागेवर राहिला असता. तो काढला, रिकव्हरीचा फोन नंबर तपासला, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे गेले नव्हते, पण ज्या खात्याचा नंबर पाठवला गेला ते खातं खरं आहे आणि उद्या दुसऱ्या कोणाचे पैसे त्यात जाऊ शकतात.

फॉर्मॅट मारणाऱ्या पोराला फैजपूरहून बोलावलं. तेवीस-चोवीसचा, हात चांगला आहे त्याचा. स्टॉपवॉच लावून त्याला ते फोल्डर उगवताना दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग खिशातून ३२ जीबीचा पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. त्यात तेच 'सेटअप' फोल्डर, दोन वर्षांपूर्वीच्या तारखेचं. आठवड्याला चार-पाच मशीन करतो म्हणाला. कुठे कुठे केली त्याची वही नाही.

दोघांनी बसून आठवेल तशी यादी केली. एक पतसंस्था, एक शाळा, खताची दोन दुकानं, झेरॉक्सवाले, लग्नाचा फोटोग्राफर. आतापर्यंत नऊ ठिकाणी जाऊन आलो. सहा मशीनवर तोच फिल्टर, तेच २४० आणि ३२५. पतसंस्थेच्या सचिवांनी मात्र मशीनला हात लावू दिला नाही, आमचं व्यवस्थित चालू आहे म्हणाले. त्यांच्याकडे सोमवारी परत जायचं आहे, आणि या वेळी पोराला बरोबर नेणार आहे, विंडोज त्यानेच टाकलं होतं.