गेटला उतार पाहिजेच
आज सांगलीत अंध मुलांची क्रिकेट प्रॅक्टिस बघायला गेलेलो, लई भारी वाटलं. बॉल प्लास्टिकचा, आत छर्रे असतात, तो खुळखुळ वाजत येतो अन् बॅटिंगवाला गुडघ्यावर बसून नुसत्या कानाच्या अंदाजानं असा स्वीप मारतो की बघत राहावं. बॉलिंग अंडरआर्म, बॉलर आधी "रेडी?" विचारणार, समोरून "येस" आलं की "प्ले" म्हणून बॉल सोडणार. पूर्ण अंध खेळाडूनं काढलेले रन डबल धरतात. नियम जरा बदलले की खेळ सगळ्यांचा होतो, एवढं सोपंय हे.

अडचण खेळात नाहीच, आत पोचण्यात आहे. गेटला उंच पायरी, व्हीलचेअरवरच्या एका पोराला चौघांनी उचलून आत घेतलं, त्यानं मान वर केली नाही, मला ते बघवेना. मुलींसाठी टॉयलेटची पण धड सोय नाही. सिमेंटचा एक उतार करायला असा कितीसा खर्च येतो हो?

आपल्या जिल्ह्यातल्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड मिळवून दिलं, करगणीच्या सचिन खिलारींनी २०२४ ला पॅरिसमध्ये गोळाफेकीत सिल्व्हर आणलं. अभिनंदनाचे फ्लेक्स लावतो आपण, ते लावाच, पण पुढच्या पोराला ग्राउंडवर यायला वाट तर ठेवा.

मंडळांना हात जोडून विनंती, यंदा टुर्नामेंट घेताना एक मॅच या पोरांची ठेवा. उताराचं सामान मी देतो, रविवारी कामाला कोण कोण येतंय सांगा.